टेबलाखालून

तेव्हा मी सहा वर्षांची. टेबलाखालची जागा माझी.
वर रेतेशचं पीठ,
आणि मला दिसायचे ते फक्त पाय.

पलीकडचे आगोतामावशीचे,
लोकरी मोज्यातले, डाव्या टाचेला भोक.
अलीकडचे आईचे. बाबांच्या जुन्या चपला,
दोन बोटं मोठ्या, फटफट वाजणाऱ्या.

माझ्या जन्माआधीपासून
दोघींमधून विस्तव जात नव्हता.
आजोबांनी दोरी धरून अंगण वाटलं,
आणि दोरी नेमकी अक्रोडाच्या बुंध्याला येऊन अडली.
फळं कुणाची, एवढाच प्रश्न.
अक्रोडाला कुणी विचारलं नाही.
तो दोन्हीकडे टाकत राहिला.

शनिवारी एमोकेचं लग्न, मावशीच्या मुलीचं.
शेजारच्या बोर्बालाचा हात प्लास्टरमध्ये,
आणि रेतेश काही एकटीनं ओढता येत नाही.
आईला बोलावणं नव्हतं.
अंगठी काढून एप्रनच्या खिशात टाकत ती आत आली.
मावशी थोडी सरकली, बस्स.

पीठ सकाळीच फळीवर बडवून झालं होतं,
अंगावर फोड येईपर्यंत,
मग कोमट पातेल्याखाली निजवलेलं.
"तान्ह्यासारखं झालंय," मावशी म्हणाली.
कुणाला म्हणाली, ते कळलं नाही.

मग उपडे हात पिठाखाली गेले,
नखं आत, मुठी सैल,
आणि पाय टेबलाभोवती फिरू लागले
एकाच दिशेनं,
म्हणजे समोरासमोर यायला नको
आणि लांबही जाता येत नाही.
मोजा, चप्पल, मोजा, चप्पल.
टेबल संपलं तरी पीठ संपेना.
चारी कडांवरून ते माझ्याकडे उतरत आलं,
खिडकीतलं ऊन त्यातून दुधासारखं गळत होतं.

मी बोट लावलं.

चारही पाय थांबले.
मी श्वास धरून बसले.
"तुझ्या बाजूला फाटलं," मावशी म्हणाली.
मी ऐकलेलं, तिनं आईशी बोललेलं पहिलं वाक्य.
"तुझ्या," आई म्हणाली.
मग वरून एक दबका आवाज आला.
मला वाटलं, रडतायत.
पण पिठाची कड थरथरत होती
ती त्यांच्या हसण्यानं.

हंसाच्या पिसानं वितळलेली चरबी शिंपडून झाली.
एकात दळलेली खसखस, लिंबाची साल किसून.
एकात पिळून परतलेला कोबी,
मिरपूड इतकी की मला खालीच शिंक आली
आणि मी पकडले गेले.
तिसऱ्यात अक्रोड. ते आईनं आणले होते.
मावशीनं चिमूटभर कूट तोंडात टाकला.
कुठल्या झाडाचा, हे विचारायला नको होतं.
चावला. गिळला.
"साखर कमी आहे," म्हणाली.

चादरीची एक बाजू दोघींनी मिळून उचलली,
पीठ आपणहून गुंडाळत गेलं,
कुशीवर वळणाऱ्या माणसासारखं.

मावशीची भट्टी एका वेळी सहाच घेते.
शंभर माणसं जेवायची.
तेव्हा आई आमची भट्टी पेटवायला निघाली,
मावशीच्या भट्टीतले निखारे लोखंडी फावड्यावर घेऊन
अक्रोडाखालून, भर दुपारी,
आणि बोर्बाला प्लास्टरचा हात कुंपणावर टेकून
बघतच राहिली.

सोमवारी पुन्हा अबोला.
लोकांना वाटतं, गोष्ट तिथे बदलायला हवी होती.
नाही बदलली. पुढे बाराएक वर्षांत
दोघी बोलल्या त्या चार-पाच वेळा,
आणि दर वेळी मध्ये पीठ होतं.

मी आता मिश्कोल्त्समध्ये राहते, चौथ्या मजल्यावर.
रेतेशची तयार पानं पाकिटात मिळतात,
पातळ, चौकोनी, एकीवर एक, फाटत नाहीत.
त्यांना ती जाड कड नसते
जी कापून आई सुपात टाकायची,
आणि त्यातला एक कच्चा तुकडा
टेबलाखाली सरकवायची,
न वाकता, न बघता,
चपलेशेजारी.